बुचाची जागा

आष्ट्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे भरतेश सर बायकोला कधीच 'नको' म्हणाले नाहीत. सुधारलेल्या माणसाला ते शोभत नाही ना. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की प्राची बासरी घेऊन बसायची आणि हे शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे. मग सांगलीच्या एका कार्यक्रमात कुणीतरी त्यांची ओळख 'प्राचीताईंचे मिस्टर' अशी करून दिली. ते हसले, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

पुढं साताऱ्याच्या एका वाद्यवृंदाची निवडचाचणी आली. प्राची लग्नाआधीपासून अशा संधीची वाट बघत होती. निवड झाली असती तर ती गावोगाव वाजवत फिरली असती आणि सर जन्मभर मिस्टरच राहिले असते.

बासरीचं एक टोक आतून बुचानं बंद असतं. बूच फुंकायच्या भोकापासून लांब सरलं की खालचे सूर जवळजवळ तसेच राहतात, वरचे मात्र उतरतात. एकदा बसवलेल्या बुचाला सहसा कुणी हात लावत नाही. प्राची देवळात गेली असताना सरांनी सळईनं ते थोडं मागं सारलं.

त्या संध्याकाळपासून वरचा सा लागेना. तिनं ओठ आवळले, घेरी येईपर्यंत फुंकलं. शेवटी नवऱ्यालाच विचारलं, "आवं, बासरीच बिघडली नसंल न्हवं?"

सरांनी बासरी उजेडात धरून फिरवली. "फुंकर भोकाच्या धारेवर आपटती, आतली हवा थरथरती, म्हणून सूर निघतो. नळी तीच हाय, भोकं तीच हायत. मग सूर कसा उतरंल? तुझा कानच कच्चा हाय."

विषय त्यांचाच, तिनं मानलं. साताऱ्यात परीक्षकांनी तिला मध्येच थांबवलं.

घरी आल्यावर तिनं बासरी त्यांच्यापुढं ठेवली. "तुमच्या पोरांना शिकवायला घ्या."

वर्गात हसं नको म्हणून सरांनी बूच जागेवर आणलं आणि सोप्यात बसून फुंकून पाहिलं. त्यांना वर्गापुरतेच चार सूर येत. तरी वरचा सा स्वच्छ लागला. प्राची पिठाच्या हातानं बाहेर आली.

"तुमचंच खरं," ती म्हणाली. "बासरीत कायबी खोट न्हाई. माझ्यातच हाय."

"म्या सांगितलं हुतं की," सर म्हणाले आणि त्यांनी तोच सा पुन्हा वाजवला.