बिनकामाची कडी

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि दार उघडताना माझी बिजागरी कुरकुरते. पण मला अडगळ समजू नका. मी एक पेटी आहे, आणि माझ्यासमोर बसून जितकी मोठी माणसं स्वतःवरच हसली, तितकी पनवेलमधल्या दुसऱ्या कुठल्याही पेटीसमोर हसली नसतील.

माझा जन्म पनवेलच्या मोहल्ल्याजवळ, हसनचाचांच्या सुतारकामाच्या दुकानात झाला. चाचा दारं, कपाटं आणि पाळणे बनवत. एके दिवशी विचुंब्याची प्राची त्यांच्याकडे आली. लहान मुलं कशी शिकतात, यावर ती संशोधन करत होती. तिने एका कागदावर माझं चित्र काढून आणलं होतं. चाचांनी ते पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बेटी, पुढचं दार समजलं. आत शंख ठेवायचा, दार उघडून काढायचा. पण ही वरची कडी कशाला? ती तर कशालाच जोडलेली नाही."

"माहीत आहे, चाचा."

"म्हणजे ती सरकवली काय, न सरकवली काय, दार उघडणारच."

"हो."

"मग बिनकामाची चीज मी का लावू?"

"माझं सगळं काम त्या बिनकामाच्या कडीवरच आहे," प्राची हसून म्हणाली.

चाचांना ते पटलं नाही, पण त्यांनी हात आखडता घेतला नाही. एका चौकटीतून उरलेलं सागवान त्यांनी माझ्यासाठी वापरलं. बाजूंना काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक बसवलं, म्हणजे माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही ते कोणालाही दिसावं. वरच्या फळीवर पितळी कडी लावली. ती इतकी सुरेख सरकायची की उगाच सरकवून बघावीशी वाटे. उरणच्या किनाऱ्यावरचा एक पांढरा शंख माझ्या पोटात गेला आणि माझं आयुष्य सुरू झालं.

काम सोपं होतं. प्राची मुलाला समोर बसवायची. एक छोटी काठी घेऊन माझ्या डोक्यावर टकटक करायची. मग कडी एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवायची. मग दार उघडून शंख काढायची. शंख परत आत ठेवून ती म्हणायची, "आता तू शंख काढ."

टकटक आणि कडी यांचा शंखाशी काही संबंध नाही, हे माझ्या पारदर्शक पोटातून स्वच्छ दिसत असे. तरीही मुलं आधी टकटक करत, मग कडी सरकवत आणि मगच दाराला हात लावत. काही जण तर प्राचीसारखी मानसुद्धा वाकडी करत. मला मुलांचे हात फार आवडत. कुणाचे गोळीने चिकट, कुणाचे पाटीच्या खडूने पांढरे. त्या दिवसांत मी स्वतःला मोठी भाग्यवान समजत असे.

प्राचीचे मार्गदर्शक सर मुंबईत असत. ते फोनवर म्हणाले, "आधी मुलांचा गट होऊ दे. मोठ्यांचं नंतर बघू. मोठी माणसं सरळ दारच उघडणार."

"पण तुलनेला मोठी माणसं हवीतच, सर," प्राची म्हणाली.

ते काम मागे पडलं, आणि तिथेच घोळ झाला.

पनवेलमधल्या एका शाळेच्या बालवर्गात आमचं काम चालू होतं. प्राचीला रोज मला उचलून नेणं जड जाई, म्हणून तिने काही दिवस मला शाळेतच ठेवलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका हेतल मॅडम. बाई हुशार, कामाला वाघ, आणि मुलांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा अशी त्यांची फार तळमळ होती. त्यांनी मुलांना कडी सरकवताना पाहिलं आणि त्यांच्या मनात एक कल्पना आली. प्राचीला न सांगताच त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, पहिलीत जाणारं एकेक मूल बोलावलं आणि प्राचीसारखंच सगळं करून दाखवलं. ज्याने सरळ दार उघडलं ते 'स्वतंत्र विचार करणारं'. ज्याने टकटक करून कडी सरकवली ते 'नुसती नक्कल करणारं'. पहिल्यांची एक तुकडी आणि दुसऱ्यांची वेगळी, असं त्यांनी ठरवलं.

मित्रांनो, माझं तोंड शिवलेलं होतं. मी शिकण्याची रीत बघायला जन्मले होते, मुलांना चाळायला नव्हे. पण चाळणी म्हणून मला वापरलं गेलं आणि मला 'थांबा' म्हणता आलं नाही.

गव्हाणच्या समृद्धीचं नाव त्या दुसऱ्या तुकडीत गेलं. दोन वेण्या आणि पुढचा दात पडलेला. आधी प्राचीसमोर आणि मग मॅडमसमोरही तिने माझी कडी इतक्या मन लावून सरकवली होती की मला गुदगुल्या झाल्या होत्या.

प्राची मला घरी घेऊन आली, त्याच संध्याकाळी समृद्धीचे आजोबा विचुंब्याला तिच्या दारात उभे राहिले. दाजी घरत. पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि तापलेला आवाज.

"ही तीच पेटी काय?"

"हो, आजोबा. बसा ना."

"बसायला नाय आलो. आमची पोर काय माकड हाय? नक्कल करते म्हणून तिला शाळेत बाजूला काढलीय. आनि हे ठरवलं कोनी, तर या खोक्यानं!"

प्राचीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला. तेव्हा दाजींचा आवाजही खाली आला.

"आयशीच्या बाजूला उभी राहून सगलं करायची गो ती. आयशीनं भाकरी थापली की हिची चिमुकली भाकरी. आयशीनं आरशात टिकली लावली की हिची टिकली. आता दोनी हात पाठीमागं धरून उभी ऱ्हाते. काय झालं विचारलं, तर म्हनते, मी नाय करनार, नक्कल होते."

दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मग ते खरंच बसले.

दुसऱ्या दिवशी प्राची मला काखेत मारून हेतल मॅडमपुढे गेली.

"मॅडम, हे तुम्ही मला न विचारता केलंत. आणि ते चूक आहे."

"चूक कशी? तूच तर म्हणालीस, मुलं नक्कल करतात."

"मुलं करतात, एवढंच मी म्हटलं. मुलंच करतात, असं मी कधीच म्हटलं नाही."

"एका 'च'ने काय फरक पडतो?"

"सगळा फरक पडतो. मोठी माणसंही असंच करत असतील, तर हा मुलांचा दोष कसा? ते मोठ्यांना बसवल्याशिवाय कळणार नाही. तोवर या पेटीवरून कोणत्याही मुलाबद्दल काही ठरवता येणार नाही."

मॅडमनी मला निरखून पाहिलं. "मोठी माणसं सरळ दार उघडतील, प्राची."

"उघडलं तर तसं मी पालकसभेत सगळ्यांसमोर सांगेन. नाही उघडलं तर तेही सांगेन."

पालकसभेपर्यंत तुकड्या करायच्या नाहीत, एवढं मॅडमनी कबूल केलं. बाहेर पडताना प्राचीने मला पोटाशी घट्ट आवळून धरलं होतं. मोठी माणसं काय करतील, हे तिलाही माहीत नव्हतं. मला मात्र भीती वाटली नाही. मी कुणाच्याही बाजूने खोटं दाखवू शकत नाही, आणि माझी सगळी किंमत त्यातच आहे.

माणसं जमवण्याचं काम दाजींनी अंगावर घेतलं. त्यांना कडीचं गुपित कळलं होतं, म्हणून प्राचीने त्यांना गटात घेतलं नाही. "कुणाला काही सांगायचं नाही, आजोबा. एक शब्द फुटला तर सगळं वाया जाईल." दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. गव्हाणच्या देवळाशेजारच्या खोलीत आमचं बस्तान बसलं. आई, बाबा, आजी, काका, रिक्षावाले, दुकानदार, सगळे आले. हेतल मॅडमच्या शाळेतले वरच्या वर्गांचे शिक्षकही आले. मुलांसाठी जे शब्द, तेच शब्द. तीच काठी, तोच शंख. मुलांना जितका वेळ, तितकाच मोठ्यांना. प्राची यात केसभरही बदल करू देत नव्हती.

पहिले बसले बळीरामशेठ. इमारती बांधणारा माणूस. गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन.

"पोरांचा खेल आमच्यासमोर कशाला मांडलास गो?" ते म्हणाले.

प्राचीने टकटक केली, कडी सरकवली, दार उघडलं, शंख काढून परत ठेवला. "आता तुम्ही शंख काढा."

शेठनी दोन्ही फोन खाली ठेवले. माझ्या पोटात वाकून पाहिलं. कडी कुठेच जात नाही, हे त्यांना नक्की दिसलं, कारण त्यांची नजर तिथेच अडकली होती. मग त्यांनी काठी उचलली. टकटक. कडी इकडे, कडी तिकडे. मग दार.

"कडी का सरकवलीत?" शंख हातात आल्यावर प्राचीने विचारलं.

"तू सरकवलीस ना! शिकलेली पोर, उगाच कशाला सरकवशील? काय तरी कारन असंल." मग ते पुन्हा वाकले आणि इतक्या जोरात हसले की बाहेर ओठांवर बोट ठेवून उभे असलेले दाजी धावत दाराशी आले.

त्यानंतर एकामागून एक माणसं बसत गेली. सगळ्यांनीच कडी सरकवली असं नाही. एका मावशीने काठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ शंख काढून विचारलं, "झालं? जाऊ?" पण बहुतेकांनी टकटक केली. गणिताच्या सरांनी केली. मोजून पाहिलं तेव्हा मोठ्यांनी मुलांपेक्षा थोडी जास्तच नक्कल केली होती.

मधेच माझी बिजागरी सैल झाली म्हणून हसनचाचांना बोलावलं. स्क्रू आवळून झाल्यावर गंमत म्हणून प्राचीने त्यांनाही सगळं करून दाखवलं. "चाचा, तुम्हाला मी मोजणार नाही. तुम्हीच ही बनवली आहे. पण काढा शंख." चाचांचा हात थेट कडीवर गेला. तो तिथेच थांबला. चाचा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"या अल्लाह, मलाही हिने फसवलं."

पालकसभेला शाळेचं सभागृह भरलं होतं. मी टेबलावर मधोमध होते. प्राचीने आढेवेढे न घेता मुलांचं काय झालं आणि मोठ्यांचं काय झालं ते सांगितलं. लोकांत खसखस पिकली. बळीरामशेठनी हात वर करून "मी पन त्यात हाय" असं जाहीर केलं.

हेतल मॅडम उठल्या. त्या सहजासहजी हार मानणाऱ्या नव्हत्या. "पण मोठ्यांनी विचार करून केलं. काहीतरी कारण असेल, असं त्यांना वाटलं. मुलं विचार न करताच करतात."

"मोठ्यांना मी कारण विचारलं," प्राची म्हणाली. "मुलांना मी विचारलंच नव्हतं. आणि तुम्हीही विचारलं नाहीत. दोघांना सारखं वागवायचं, तर तेही व्हायला हवं."

समृद्धी दाजींच्या मांडीवर बसली होती. प्राची तिच्यासमोर उकिडवी बसली. "समृद्धी, तू कडी का सरकवलीस? तुला वाटेल ते सांग. मी रागावणार नाही."

समृद्धीने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. दाजींनी नुसती मान हलवली.

"तू दाखवलंस ना, ताई. मला वाटलं तुला तसं आवडतं."

"आणि मी समोर नसते तर?"

पोरगी आजोबांच्या मांडीवरून उतरली, टेबलाशी आली, टाचा उंचावल्या, आणि काठीला हात न लावता, कडीकडे न बघता, सरळ माझं दार उघडून तिने शंख बाहेर काढला.

"असं," ती म्हणाली. "असा लवकर निघतो."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. कडी बिनकामाची आहे, हे तिला पहिल्यापासून कळलं होतं. तरीही समोरच्या माणसाचा मान ठेवून तिने ती सरकवली होती.

हेतल मॅडम माईककडे आल्या. "तुकड्या होणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मी घाई केली. समृद्धी, मी तुझी माफी मागते." एवढ्या मोठ्या बाईने एवढ्याशा पोरीची माफी मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला त्या दिवशी त्यांचा राग उरला नाही. चूक कळल्यावर तिथल्या तिथे मागे फिरायला छाती लागते.

पुढे माझं कौतुक झालं. माझा फोटो परदेशातल्या एका शोधपत्रिकेत छापून आला. मार्गदर्शक सर मला बघायला मुद्दाम मुंबईहून आले आणि मोठ्यांचा गट आधीच घ्यायला हवा होता, असं मोकळेपणाने म्हणाले. मग दिवस बदलले. मुलांची बोटं पडद्यावर फिरवून घेणाऱ्या चकचकीत पाट्या आल्या. मला कपाटावर ठेवलं गेलं. माझ्या अंगावर फायलींचा ढीग चढला, पारदर्शक भिंती धुळीने आंधळ्या झाल्या. कोणी तरी माझ्या डोक्यावर चहाचा कपही ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू?

पण परवा प्राचीने मला खाली उतरवलं. सुक्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसलं. आज मी जासईला आले आहे. आजूबाजूला कंटेनरांचे डोंगर, रस्त्यावर मोठमोठ्या ट्रेलरची घरघर, आणि मधे ही शाळा. इथली मुलं लक्ष देत नाहीत, अशी तक्रार आहे. दाखवलेलं कोण किती लक्ष देऊन बघतं, ते माझ्यावरून तपासायला प्राची आली आहे. गुरुजी मोठ्या उत्साहाने छोट्या छोट्या खुर्च्या मांडत आहेत.

"एवढ्या पुरतील ना, मॅडम?"

"पुरतील," प्राची म्हणते आहे. "आता मोठ्या खुर्च्याही आणा, गुरुजी. तेवढ्याच. आणि पहिल्या खुर्चीवर तुम्ही बसा."

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर फार काही लागत नाही. ओल्या फडक्याने पुसू नका, डोक्यावर कप ठेवू नका, एवढंच. पण मुलांची काळजी घ्यायची असेल, तर 'ही आजकालची मुलं' असं म्हणण्याआधी एक मोठी खुर्ची ओढा आणि स्वतः तिच्यावर बसून बघा.

गुरुजी बसले आहेत. ते बाह्या सरसावत आहेत आणि मी तयार आहे.