झुलालच्या मानेतली जाड भिंत

चिंधा, चिंधाचा मुलगा पुना आणि पुनाचा मुलगा लोटन. तिघेही पन्नाशीच्या आत छाती धरून गेले. मित्रांनो, लोटनचा मुलगा झुलाल. त्याच्या मानेतली मी एक जुनी धमनी आहे. हृदयाकडून आलेले रक्त मेंदूकडे पोहोचवणे हे माझे काम, आणि त्रेचाळीस वर्षांत मी त्यात एक क्षणही खाडा केला नाही.

लहानपणी माझी भिंत आतून रेशमासारखी होती. पुढे झुलालच्या बिड्यांचा धूर आला, चढता रक्तदाब आला, आणि माझे अस्तर दाट होत गेले. मला वेदना होत नाहीत. म्हणून माझी तक्रार कुणाच्या कानी गेली नाही.

१९९४ साली धुळ्याच्या एका डॉक्टरांनी झुलालच्या मानेवर गार जेल लावून मला यंत्राच्या पडद्यावर पाहिले.

"भिंत जाड झाली आहे. मानेत असे दिसले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धोका असतो. त्यात तुमच्या घराण्याचा इतिहास असा."

धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात वाढलेला झुलाल हसला. "भीत जाडी शे ते चांगलंच ना, डाक्टरसाहेब! आमना घरनी दोन हात जाडी शे, आजलगून पडनी नही."

"ही आतल्या बाजूने वाढते, झुलालभाऊ. वाट बुजवते. बिडी सोडा, गोळ्या घ्या."

गोळ्या कोनाड्यात पडून राहिल्या. आई झुंबरबाईंनी दटावले, "फेक ती बिडी! तुना बाप बी असाच हासे."

पुढच्या वर्षी ऐन पोळ्याला झुलालच्या छातीत कळ आली. पावसाने काळ्या मातीची वाट खचली होती. जीप गावात येईना. तेव्हा शेजारच्या वनाआबांनी शिंगे रंगवलेले, झूल घातलेले आपले बैल गाडीला जुंपले. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. चोवीस वर्षांपूर्वी, अशाच पोळ्याला, झुंबरबाईंनी छाती धरून पडलेल्या लोटनसाठी वनाआबांपुढे पदर पसरला होता, आणि हेच कारण सांगून आबांनी गाडी नाकारली होती. त्या दिवसापासून बाई त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

झुलाल वाचला, पण हृदयाचा मोठा भाग मेला. आता ओट्यापर्यंत चालतानाही त्याला धाप लागते. माझी भिंतही पूर्वीसारखी होणार नाही. मित्रांनो, माझे सांगणे मोडू नका. ज्यांच्या घरात माणसे अकाली छाती धरून गेली, त्यांनी दुखण्याची वाट पाहू नये.

झुलालला घरी आणले, त्या दिवशी झुंबरबाईंनी वनाआबांना बोलावून घेतले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुनावर झुलालना बापनं देनं व्हतं, ते फिटनं, वना. बठ्ठं फिटनं. बस. पानी पे."