वजा चार किलो

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला बेल वाजली की मंजुषाच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याच क्षणी भीतीही वाटायची. दारात तिसऱ्या मजल्यावरची अमृता उभी असायची. हातात कागदी खोका आणि खोक्यात सुशीचे आठ तुकडे. सिल्वासाच्या डोकमर्डी भागातल्या त्या सोसायटीत कुणी ढोकळा करून विकायचं, कुणी खाकरे. अमृता पुण्याच्या एका हॉटेलात जपानी स्वयंपाक शिकून आली होती, म्हणून ती सुशी विकायची. आंबटगोड चिकट भात, उंबरगावकडून आणलेली उकडलेली कोळंबी, काकडीच्या सळ्या आणि भोवती समुद्री शेवाळाचा काळा कागद. सिल्वासात हे कोण खाणार, असं सगळ्यांनी तिला बजावलं होतं. मंजुषा तिचं पहिलं गिऱ्हाईक.

मंजुषा राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी बघायची. नऊ वर्षांपूर्वी नव्या यंत्रांच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने तिला दहा दिवस जपानला पाठवलं होतं. त्या दहा दिवसांत तिला कुणी गृहीत धरलं नव्हतं. ती एकटी स्टुलावर बसून सुशी खायची आणि निवांत खोलीवर जाऊन झोपायची. त्यामुळे तो भात जिभेवर पडला की ती थेट तिथे जाऊन पोचायची. एरवी असं निवांत होणं तिच्या वाट्याला येत नव्हतं, आणि गेल्या दोन महिन्यांत तर अजिबातच नाही.

कारण तिचा धाकटा भाऊ श्रीकांत नाशिकला मरणाच्या दारात होता. दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण जन्मापासूनच्या कसल्याशा दोषाने त्याचं लिव्हर निकामी झालं होतं. दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवणं एवढाच इलाज. त्याच्या बायकोचा, नेहाचा रक्तगट जुळला नाही. आईचं वय झालेलं. मंजुषाचा जुळला, आणि त्या दिवसापासून सगळं ठरूनच गेलं. तिला कुणी विचारलं नाही, आणि सख्खी बहीण असताना विचारायचं तरी काय, असं तिलाही वाटलं.

एकच अडचण निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी तिचा स्कॅन पाहिला आणि म्हणाले, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे, असला तुकडा आम्ही त्याला लावू शकत नाही. तेव्हा मंजुषाचं वजन साडेचौऱ्याहत्तर किलो होतं. दोन महिन्यांत सदुसष्टवर या, मग पुन्हा स्कॅन करू, चरबी उतरली असेल तर लगेच ऑपरेशन. श्रीकांतला त्याहून फार जास्त थांबता येईल असं वाटत नाही, हेही त्यांनी सांगितलं, आणि खाली बघून कागद चाळू लागले.

मंजुषा घाबरली. भावासाठी तर घाबरलीच, पण स्वतःसाठीही घाबरली आणि ते मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. संमतीच्या फॉर्मवर धोक्यांची यादी होती. ती तिने एकदाच वाचली आणि फॉर्म कपाटात कपड्यांच्या खाली सरकवून दिला. तिचा नवरा मयूर चांगला माणूस, पण उत्साही. लिव्हर पुन्हा वाढतं, तीन महिन्यांत होतं तसं होतं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. हॉस्पिटलमध्ये घालायला त्याने तिला दोन पुढून उघडणारे गाऊन आणले. ते पाहिल्यावर तिला रात्रभर झोप लागली नाही.

वजन करायची तिची रीत ठरलेली होती. घरच्या काट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कारखान्यात पॅकिंगला जो मोठा प्लॅटफॉर्म काटा होता, ज्यावर धागा गुंडाळलेल्या कोनांचे खोके तोलायचे, त्याची तपासणी ती स्वतः रोज दहा वाजता करायची. वीस किलोचं प्रमाण वजन ठेवायचं, आकडा बघायचा, सही करायची. त्याच काट्यावर ती रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी चपला काढून उभी राहायची. चढताना डोळे मिटायची, मनात एक-दोन-तीन म्हणायची, मग उघडायची. काट्यावर गोकुळ असायचा, साक्रीकडचा, सहा वर्षांपासून पॅकिंगला. तो सभ्यपणे पाठ फिरवायचा.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन बहात्तर किलो तीनशेवर आलं. डाएटच्या कागदावर तेल, तूप, साखर, तळलेलं सगळं बंद होतं. सुशीचा त्यात उल्लेख नव्हता. तिच्यात तेल नाही, तूप नाही, कोळंबी उकडलेली. मग बिघडलं कुठे? भाताचं आणि भातातल्या साखरेचं काय, हा प्रश्न मंजुषाने स्वतःला विचारलाच नाही. दिवसभर गोकुळच्या खोक्यांतले ग्रॅम मोजणारी बाई, आठ तुकड्यांत दीड वाटी भात असतो हे तिला कळत नव्हतं असं कुणी समजू नये.

मग दिवाळी आली, कारखाना आठ दिवस बंद झाला आणि भाऊबीजेला ती नाशिकला गेली. श्रीकांत पाटावर बसला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, मनगटं काडीसारखी, पोट मात्र फुगलेलं. तिने त्याला ओवाळलं. जमलेल्या नातेवाइकांपुढे आई कौतुकाने म्हणाली, "ह्या वर्षी ओवाळणी माझी मंजूच घालणार आहे त्याला." सगळ्यांना भरून आलं. मंजुषाच्या ताटात तेवढी पपईची फोड होती, बाकीच्यांच्या ताटात फराळ. मग ती सिल्वासाला परतली. घरी आल्यावर तिने अमृताला फोन करून सोळा तुकडे मागवले आणि दार लावून सगळे एकटीने खाल्ले. खाताना छान वाटलं. संपल्यावर काटा आठवला.

आता काट्यावर काय दिसणार, या धास्तीने कारखाना रातपाळीने उघडला त्याच्या दुसऱ्या सकाळी ती चढली, तीन म्हणाली आणि डोळे उघडले. अडुसष्ट. बरोबर अडुसष्ट किलो. दिवाळीत चार किलो उतरले होते.

घरात आनंदीआनंद झाला. मयूरने हिशोब लावला की मंजूने फराळाला हात लावला नाही आणि त्याऐवजी सुशी खाल्ली, म्हणजे सुशीच लागू पडली. जपानी माणसं जाड नसतात, हे त्याने कुठेतरी वाचलंही होतं. मग अमृताचा खोका बुधवारीही यायला लागला, पुढे सोमवारीही. मंजुषा सुशी औषधासारखी वेळेवर खायची आणि वजन थोडंथोडं उतरतच राहिलं. एकोणिसाव्या दिवशी सदुसष्ट झालं. तिने डॉक्टरांना फोन केला. गुरुवारी स्कॅन, तो ठीक निघाला तर पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. श्रीकांत फोनवर रडला. ती "अरे वेड्या" म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन ओकली.

स्कॅनच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. गोकुळ चहाला गेला होता. काट्यावर काहीच नव्हतं, आणि आकड्याच्या खिडकीत लाल अक्षरांत दिसत होतं, वजा चार किलो दोनशे.

मंजुषा चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली. रिकाम्या काट्यावर शून्य हवं, हे पॅकिंगमधल्या पोराटोरांनाही कळतं. वजा दिसतं याचा अर्थ एकच. काट्याला टेअर मारलेलं आहे, म्हणजे खोक्याचं आणि आतल्या रिकाम्या कोनांचं वजन आधीच कापून ठेवलेलं आहे. वर जे काही ठेवाल, ते चार किलो दोनशे ग्रॅमने कमी दिसणार, मग तो धागा असो की बाई.

गोकुळ आला तेव्हा तिने विचारलं, हे असं कधीपासून आहे. तो गोंधळला. "दिवाळीनंतर नवीन ऑर्डर आली ना मॅडम, डबल खोक्याची. पहिल्या शिफ्टले घाई राहते, म्हणून रातपाळीच टेअर मारेल ठेवते. तुम्ही दहाला तपासाले येता तेव्हा मी शून्य करतो." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो चाचरत म्हणाला, "मले वाटलं तुम्हाला माहीत राहील. टेअर तर तुम्हीच शिकवेल आहे मले."

तिने त्याला शून्य करायला सांगितलं. या वेळी डोळे उघडे ठेवून चढली. एकाहत्तर किलो दोनशे.

पहिल्यांदा तिला काय वाटलं, हे ती पुढे कधी विसरली नाही. तिला हलकं वाटलं. अंगातून वारं निघून जावं तसं मोकळं वाटलं. आता नाही होणार ऑपरेशन, सुटले. आणि त्याच्या मागोमाग भीती आली. कारण सुटली ती होती, आणि मरणार श्रीकांत होता.

आणखी एक गोष्ट तिला तिथेच आठवली. दिवाळीनंतरच्या त्या पहिल्या दिवशी, डोळे मिटायच्या आधी, चपला काढायला वाकताना तिला खिडकीत आकड्याआधी लाल रंगाची आडवी रेघ, वजाची, दिसली होती. तिने ती पाहिली होती. दुसऱ्या कुणाच्या खोक्यावर ती रेघ दिसली असती तर तिने अख्खा माल अडवला असता. त्या दिवशी तिने डोळे मिटले आणि तीन म्हटलं.

गोडाउनच्या मागे जाऊन तिने श्रीकांतला फोन लावला. डॉक्टरांना आधी लावायला हवा होता, मयूरला लावायला हवा होता, पण हात त्याच नावावर गेला. नेहाने फोन त्याच्या कानाला लावून दिला. मंजुषाने सगळं सांगितलं, काटा, टेअर, सोमवार-बुधवार-शनिवारची सुशी. काही लपवलं नाही.

"श्री, मला भीती वाटते," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाटते. मी खात होते ते त्यामुळेच."

तो खोकला की हसला, तिला समजलं नाही. "बरं झालं बोललीस," तो म्हणाला. "इथे सगळे म्हणतात ताई कशी खंबीर आहे. मला वाटायचं, मी एकटाच भित्रा."

मग तो म्हणाला की नको असेल तर नको म्हण, मी कुणाला कारण सांगणार नाही. ते तो मनापासून म्हणत होता, हे तिला आवाजावरून कळलं, आणि त्यामुळेच तिला नाही म्हणता आलं नाही. गेल्या दोन महिन्यांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. ती रडत होती. नाक पुसून ती म्हणाली, "देणार आहे मी. पण चार किलो अजून उतरायचे आहेत. महिना लागेल. थांबशील?"

"थांबतो," श्रीकांत म्हणाला, जणू ते त्याच्या हातात होतं.

कळल्यावर डॉक्टर चिडले. मग म्हणाले, श्रीकांतच्या रोज तपासण्या करू, बघू किती दिवस मिळतात. मयूर संध्याकाळी कपाटातल्या कपड्यांखालचा फॉर्म काढून तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर वाचू लागला. शनिवारी अमृताला तिने दारातूनच परत पाठवलं. खोक्यातून येणारा तो आंबूस वास जिना उतरून जाईपर्यंत ती दार धरून उभी होती. भूक होतीच. ती कुठेही गेली नव्हती.

त्या दिवसापासून भावाबहिणीत एक ठरलं. सकाळी काटा शून्य करायचा, मंजुषाने डोळे उघडे ठेवून चढायचं, आकड्याचा फोटो काढून श्रीकांतला पाठवायचा. तो उत्तरादाखल एकच शब्द लिहायचा, आहे. एकाहत्तर. आहे. सत्तर किलो सहाशे. आहे. कधी उत्तर पाच मिनिटांत यायचं, कधी पंधरा. दहाव्या दिवशी अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात तिने एकही खोका तपासला नाही.

अकराव्या दिवशी एकोणसत्तर किलो चारशे आलं. तिने फोटो पाठवला आणि वाट बघत काट्यावरच उभी राहिली. पावणेआठ झाले. आठ झाले. शिफ्टचा भोंगा वाजला, खोक्यांची पहिली गाडी ढकलत पोरं आली आणि थांबली. मंजुषा खाली उतरली नाही. उतरलं तर काहीतरी होईल, असं तिला वाटत होतं. गोकुळने पोरांना हाताने मागे सारलं, आणि दर वेळी पाठ फिरवणारा तो माणूस आज तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. काट्यावरचा आकडा तिच्या थरथरण्याने खालीवर होत होता.

आठ वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर नेहाचं नाव होतं. मंजुषाने तो कानाला लावला.

"ताई, त्यांचे हात आज चालत नाहीयेत," नेहा म्हणाली. "ते मला म्हणतात, तू लिही. आहे."