डावा कोपरा

माझी लेक कौशल्या पेढ्यांचा पुडा घेऊन आली. पोटची आहे म्हणून सांगते, कोणाच्या दारात काय घेऊन जावं हे तिला कधी कळलंच नाही. सुनेची रोजी जाऊन पंधरवडा झालेला, घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि ही बाई उंबऱ्यातूनच ओरडते, "माय व, तोंड गोड कर! शालू विदर्भाच्या संघात गेली!"

शालू तिची पोरगी, माझी नात. ती आईच्या मागं उभी होती, मान खाली घालून. जी समज पोरीला होती ती आईला नव्हती.

मी पुडा घेतला आणि न उघडता फळीवर ठेवला. कौशल्येनं ते पाहिलं. पण पाहून न पाहिल्यासारखं करणं तिला लहानपणापासून जमतं.

आता सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. नाही तर लोक म्हणतील, गोदाबाई पोटच्या लेकीवर उगाच तोंड टाकते. तोंड टाकते हे खरं. उगाच टाकत नाही.

माझी सून ललिता भातकुलीची. तिचा बाप नत्थुजी अमरावतीला एका आखाड्यात मुलींना कबड्डी शिकवायचा. आम्ही पोरगी बघायला गेलो तेव्हा तिच्या डाव्या हाताचं बोट वाकडं दिसलं. मी विचारलं तर बापानं सरळ सांगितलं, "खेळताना मोडलं, बाई." मला ते बरं वाटलं. खोट लपवणारे व्याही मी पुष्कळ पाहिले आहेत. मुलगा देवीदास तेव्हा अकोल्याला मालधक्क्यावर कामाला लागला होता. मी वलगावचं घर सोडलं आणि त्यांच्याजवळ येऊन राहिले.

अकोल्यात एका मिलनं बायांचा कबड्डीचा संघ काढला होता. दिवसभर कापसातला कचरा निवडायचा आणि ऊन उतरलं की मैदानात उतरायचं. खेळ आहे तोवर काम, खेळ गेला की काम गेलं. ललिता त्यात लागली. सून अर्ध्या चड्डीत खेळते म्हणून गल्लीत कुजबुज झाली. वावरात आम्ही कासोटा खोचून दिवसभर निंदतो, तेव्हा कोणाच्या डोळ्यांना त्रास होत नाही. शेजारची मनकर्णाबाई एकदा नळावर म्हणाली, "काहो गोदाबाई, तुमची सून चार लोकांत दुसऱ्यायचे पाय धरते म्हने?"

"धरते," मी म्हटलं. "तुमची तं घरातल्या घरात सासूचा गळा धरते. आमाले इथवर आयकू येते."

तिनं अर्धी भरलेली घागर उचलली आणि निघून गेली.

ललिताची जागा डावा कोपरा. समोरच्या संघातली एक जण "कबड्डी, कबड्डी" करत आत येते, कोणाला तरी शिवते आणि परत पळते. तिला पळू द्यायचं नाही, एवढंच ललिताचं काम. कोपऱ्यात वाकून उभं राहायचं आणि पाय आवाक्यात आला की घोटा धरायचा. धरला की सोडायचा नाही. अख्खी बाई अंगावर पडो, तोंडात माती जावो. जी शिवून पळते तिचं नाव भोंग्यावर ओरडतात, तिच्या गळ्यात हार घालतात. धरणारीचं नाव कोणी घेत नाही. ती उठते, कपडे झटकते आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन वाकते. मी पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हाच म्हटलं, हे तर आपल्या बायांचंच काम आहे, फक्त इथं शिट्टी वाजते.

वर्षं गेली. यवतमाळ, परतवाडा, नागपूर. रात्रभर गाडीत बसून यायची आणि आल्याबरोबर भाकरी थापायला बसायची. दोन लेकरं झाली, तीही मैदानाच्या कडेला माझ्या मांडीवर वाढली. मग तिच्या गुडघ्यात पाणी व्हायला लागलं. मी रुईची पानं तेल लावून तव्यावर गरम करायची आणि बांधायची.

"राहू द्या, आत्याबाई. तुमचे हात दुखतीन."

"माहे हात दुखाले अजून वेळ हाये. पाय लांब कर."

तिला झोप लागायची आणि मी तशीच बसून राहायची. थकलेल्या माणसाकडे पाहून आपणही थकतो. दुखतं म्हणून ती कधी बोलली नाही. पण मैदानातून आल्यावर उंबऱ्याशी जरा थांबायची, कोणता पाय आधी उचलावा याचा विचार करत असल्यासारखी.

यंदा मिलमध्ये नवा मॅनेजर आला. त्यानं सगळ्या जणींना उभं करून सांगितलं, यंदाच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलात तर सगळ्यांना कायम करतो, नाही तर संघ बंद आणि तुम्हीही घरी. ललिताला एवढंच पाहिजे होतं. गुडघा हे एकच वर्ष काढणार हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. कायम झाली असती तर खेळ सुटल्यावरही कापूस निवडायला जागा राहिली असती, म्हातारपणापर्यंत.

शेवटच्या सामन्याच्या आधीचा सामना अमरावतीला होता. समोर कॉलेजच्या मुली, आणि त्यांच्यात पळणारी आमची शालू. मी गाडीत ललिताला विचारलं, "समोर शालू हाये. मग?"

"माहीत हाये, आत्याबाई. ते डावीकडूनच येते. परत फिरताना उजवा पाय मागं ठेवते, सवयच हाये तिची."

"मग?"

"मग काय? धरीन."

एवढं बोलून ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला काळजी राहिली नाही.

आमच्याकडे भाची म्हणजे देव. मामा-मामी तिच्या पाया पडतात, ती त्यांच्या पडत नाही. चुकून तिला आपला पाय लागला तर कान धरतात. पण हे घरचं झालं. मैदानात उतरल्यावर भाची कोण आणि मामी कोण, हे ललिताला बापानं शिकवलं होतं.

कौशल्येला कोणी शिकवलं नव्हतं. नाही तर फार चांगलं शिकवलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधी ती सासरची माणसं घेऊन, शालूला हाताशी धरून आमच्याकडे आली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वयनी, भाची आली ना व तुही. पाया नाई पडत?"

शालू म्हणाली, "माय, आता नको."

"तू चूप राय. रीत हाये ते."

आणि कमरेची पिशवी सोडून तिनं कुंकवाची डबी काढली. मैदानावर कुंकवाची डबी घेऊन कोण येतं? जी घरून ठरवून निघते ती येते. मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं, पण भोवती तिच्या सासरचे लोक, लेकीचा मान. ललितानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दुखरा गुडघा सरळ ठेवून, एक हात जमिनीवर टेकवून ती वाकली, शालूच्या अनवाणी पायांच्या अंगठ्यांना कुंकू लावलं आणि डोकं टेकवलं. कौशल्येच्या सासूनं "अशी मामी पाहिजे" म्हटलं. शिट्टी झाली.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी शालू आत आली, डावीकडूनच. एकीला शिवली आणि वळली. उजवा पाय मागं राहिला. ललिता खाली गेली. तिची बोटं घोट्यापर्यंत पोचलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आणि बोटं मिटली नाहीत. शालू रेषेवर जाऊन पडली, तिच्या बाजूचे लोक नाचायला लागले, आणि ललिता तशीच मातीत पालथी पडून राहिली. बाकीच्या जणी तिला उचलायला आल्या नाहीत. त्यांचंही काम गेलं होतं.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आत्याबाई, कुंकू दिसलं."

मी म्हटलं, "चुकली तू."

"हो," म्हणाली.

मिलचं दार बंद झालं. ललिता आता सकाळी उठते, भाकरी करते आणि पुढं काय करायचं ते न समजून ओट्यावर बसते.

त्या घरात कौशल्या पेढे घेऊन आली होती.

ललितानं पाणी आणलं. कौशल्या म्हणाली, "बस ना व वयनी. अशी काहून तोंड पाडून राहिली? तुह्यामुळंच झालं म्हटलं तं चालते. भाचीचा मान राखला तूनं. आमच्या घरी समदे नाव काढून राहिले तुहं."

"हो, बाई," ललिता म्हणाली.

तेवढ्यात शालू पुढं आली. "मामी, मले एक गोष्ट सांगा. माहा पाय सुटला का तुमी सोडला?"

"सुटला, माय. गुडघ्यानं दगा देला."

"तुमचा हात घोट्याले लागला होता. मी थांबली होती, मामी. मले वाटलं, धरलं."

"काय डोकं खाते व!" कौशल्या ओरडली. "जितली ना एकडाव!"

"तेच तं मले समजून नाई राहिलं," शालू म्हणाली आणि रडायला लागली. ललितानं तिला जवळ घेतलं. कौशल्या माझ्याकडे पाहायला लागली, जसं काही मी कोणाला तरी रागावणार आहे.

मला उठायचा कंटाळा आला होता. बसल्या जागेवरूनच म्हटलं, "कौसल्ये, इकडे पाह्य. ललिता चुकली, ते मी तिले सांगतलं. तू चुकली नाई. तू बेइमानी केली. मान मागून घेतला, त्याच्यात हिची रोजी गेली आन् तुह्या सोताच्या पोरीले आपण जितलो का नाई तेई समजत नाई. माहेर हाये तुहं, येजो, जेवजो, जाजो. पण आजपासून माही सून ह्या घरात कोनाच्या पाया पडणार नाई. तुह्या पोरीच्या नाई, तुह्या नाई, आन् माह्याबी नाई."