खिंडीत बर्फ साचेल का

शेजारच्या धोंडूकाकीला माझ्याकडून एकच शब्द हवा होता : हो किंवा नाही. तिचा पदू फौजेत, उत्तरेला कुठल्याशा खिंडीपलीकडे. तिथं बर्फ साचला की वाट थेट उन्हाळ्यापर्यंत बंद. आणि पदूच्या बहिणीच्या, शकूच्या लग्नासाठी नवऱ्याकडच्या, कशेळ्याच्या मंडळींनी दोन तारखा सुचवल्या होत्या, एक तुळशीच्या लग्नानंतरची, दुसरी वैशाखातली. पहिल्या तारखेला पदू येऊ शकेल का, एवढंच तिला हवं होतं.

“भाऊ नसंल तर नवऱ्याचा कान कोन पिळंल रं?”

मी समजावलं. बर्फ पडायला हवा नुसती शून्याखाली जाऊन भागत नाही, तिच्यात ओल लागते. पडलेला बर्फही उबदार जमिनीवर विरघळतो. जमीन गार झाली की मग थर धरतो. तेव्हा आधी जमिनीचं तापमान कळायला हवं.

“मंग इचार त्याला.”

विचारलं. दिवस मावळल्यावर चार बोटं खोल माती किती अंश असते, आठ दिवस मोजून कळव. उत्तर आलं ते अर्धं काळं. लष्करी टपाल तपासणाऱ्यानं प्रत्येक आकड्यावर शाई फिरवली होती. कागद उन्हात धरला, पाठीमागून पाहिला. एकही आकडा लागेना. आकडे मागितले हीच माझी चूक. उरलं होतं एवढंच : ‘रोज थोडा पडतो. भाईर ठेवलेलं बूट सकाळी वलं असतात.’

“वलं म्हंजी इरघळतोय,” काकी म्हणाली. “येतोय माजा पदू.”

“अगं, शिक्का बघ, पत्र सोळा दिवसांपूर्वीचं आहे! तेवढ्यात जमीन गार झाली असेल.”

“झालीय का?”

“ते सांगता येत नाही.”

“मंग नाय येनार?”

“तेही सांगता येत नाही.”

“पंधरा वर्सं शिकलास ती ह्येच का?”

तारीख ठरवायला येऊन ओसरीवर बसलेले नवऱ्याचे मामा, हिरामण, मोठ्यानं हसले. काकी त्यांच्याकडे वळली. “पयलीच तारीख धरा, मामा. आमचा सदू बीएस्सी हाय. तो नाय म्हनला नाय.”

‘नाही’ म्हणायलाही माझ्याकडे आधार नव्हता. मामा साडेचारच्या एस.टी.नं गेले.

पदूचं पुढचं पत्र हळदीच्या दिवशी आलं. मीच वाचून दाखवलं. रजा मिळाली होती, पण वाट बंद झाली होती.

काकीनं पिवळ्या हातांनी पत्र दुमडून कमरेला खोचलं. “आदी सांगाया काय झालं व्हतं रं तुला?”

मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणालो. तोवर ती पाटावर बसलेल्या शकूकडे गेली होती.