जयरामदादांचे डोळे

पाऊस नाही, धुकं नाही, जानेवारीचं लख्ख ऊन पडलंय, आणि आमचे जयरामदादा गाडीच्या समोरच्या काचेवर ओली तंबाखू घासतायत. पावसाळ्यात काचेवर पाणी ठरू नये म्हणून ड्रायव्हर लोक असं करतात. पण कोरड्या उन्हात? मी तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं आणि खालूनच ओरडले, "अहो दादा, काच झिजायची आता! सकाळपासून काय लावलंय?"

"डाग हाय गं ताई. बरोब्बर मधी. जातच नाय मेला."

मी वर चढले आणि त्यांच्या सीटवर बसून पाहिलं. काच अशी स्वच्छ, की त्यात बघून कुंकू लावावं. "कुठंय डाग?" मी विचारलं. दादांनी फडकं खिडकीच्या खाचेत कोंबलं आणि मला उठायची खूण केली.

मी सुवर्णा, एस.टी.त कंडक्टर. नाशिक–पेठ गाडी, ड्रायव्हर जयरामदादा. माणूस कसा, तर एकदा एका बेवड्याने तिकिटाच्या निमित्ताने माझा हात धरला. दादांनी रानात गाडी थांबवली, मागे आले, "उतर" एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. बेवडा उतरला. शिवी नाही, हाणामारी नाही. सख्खा भाऊ काय वेगळं करतो?

त्या दिवशी करंजाळीला चहा पिताना मी त्या डागाचा विषय सोडलाच नाही. शेवटी दादा पुटपुटले, "उजव्या डोळ्यापुढं काळा ठिपका येतो. माणूस दिसतंय, पण त्याचं तोंड नाय दिसत."

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

मी त्यांची बाही वर सरकवली तर दंडावर निळे-जांभळे डाग. "सीटचा दांडा लागला आसंल," म्हणाले. जिना चढताना धाप लागत होती, तर म्हणे वय झालं. दात घासताना रक्त यायचं, तर म्हणे ब्रश कडक. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे कारण तयार.

"मग डॉक्टरकडे जायला कुणी बांधून ठेवलंय?"

"पुढच्या महिन्यात आमचं मेडिकल हाय. डोळ्यात नापास केलं तर गेटवर बसवतील. मल्हारीवानी."

मल्हारीची साखर डोळ्यात उतरली होती. ड्रायव्हर असताना सरपंचासारखा चालायचा. आता डेपोच्या गेटवर स्टुलावर बसून असतो. जाणारा-येणारा "काय मल्हारी" म्हणतो आणि उत्तराला थांबत नाही. 

"गेटवर नाय बसणार मी," दादा म्हणाले. "त्यापरीस मेलेलं बरं."

"आणि मागे बसलेल्यांचं काय? त्यांनीही मरायचं तुमच्या हौसेखातर?" माझा आवाज चढला. "सुट्टीच्या दिवशी डोळे दाखवा. नाहीतर मी साहेबांना सांगते."

"सांगशील?"

"सांगेन."

सांगेन म्हणाले खरी, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. सांगावं तर भावासारख्या माणसाला गेटवर नेऊन बसवायचं. गप्प बसावं तर भरलेली गाडी रोज त्या घाटातून उतरायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधल्या काठावर रोज तिकिटं फाडत उभी.

दादा गेले, पण कुठे, तर सिन्नरला! शहरातल्या दवाखान्यात डेपोतलं कुणी भेटायचं, ही धास्ती. शेअर जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा असा फुललेला, की मला ओढतच मिसळ खायला नेलं.

"ताई, डोळं पास! मॅडमनी थेंब टाकलं, लाइट मारून मारून पाहिलं. मोतीबिंदू नाय, काचबिंदू नाय. आत पडद्यावर रक्त साकळलंय म्हणे, पण ते डोळ्याचं दुखणं नाय. दोष रक्तात हाय. तपासायला रक्त घेतलंय."

"रक्तात म्हणजे काय?"

"रक्ताचं काय घिऊन बसलीस? बीट खाईन, गूळ-शेंगदाणं खाईन. मेडिकलवाला डोळं बघतो, रक्त कोण बघतंय!" आणि पोटभर हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. जीव भांड्यात पडला होता. रिपोर्ट येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं मॅडमनी बजावलं होतं, ते मात्र या गृहस्थाने मला न सांगता मिसळीच्या रश्शाबरोबर गिळून टाकलं.

आम्ही मिसळ खाऊन ड्युटीवर आलो. पेठचा बाजार, गाडी गच्च भरलेली. पोती, कोंबड्या, कॉलेजची पोरं, मांडीवर लेकरं. रामशेजचा किल्ला मागे पडला आणि दादांचा फोन वाजायला लागला. स्टेअरिंगवर असताना दादांनी कधीच फोन घेतला नाही. तो बंद झाला, परत वाजला, परत वाजला. "बघ गं ताई, कोण उलथलंय," ते वैतागून ओरडले. मी मागच्या दारापाशी होते, फोन गर्दीतून हातोहात माझ्यापर्यंत आला.

"जयराम आहेत का?" बाईचा आवाज. सिन्नरच्या मॅडम.

"ते गाडी चालवतायत."

"गाडी? मी नको म्हणून सांगितलं होतं त्यांना! तुम्ही कोण?"

"बहीण," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग त्या भराभर बोलल्या. पांढऱ्या पेशी नको तितक्या वाढल्यात. रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. ल्युकेमिया दिसतोय, रक्ताचा कॅन्सर. नक्की काय ते पुढच्या तपासण्यांत कळेल, पण डोळ्यात रक्त आलं ते त्यामुळेच. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. "आणि आधी गाडी थांबवा. परत रक्तस्राव झाला तर एका क्षणात दिसेनासं होईल. डोक्यातही होऊ शकतो."

पुढे सावळघाट होता, फार तर दोन-तीन वळणांवर. पुढे जाऊन सांगायला रस्ता नव्हता, माणसांवर माणसं उभी. ओरडले असते तर गाडीत गोंधळ उडाला असता. मी हात वर केला आणि घंटीची दोरी एकदाच ओढली.

आमच्या धंद्यात एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर का म्हणून विचारत नाही. दादांनी गाडी अलगद डावीकडे घेतली आणि उभी केली. थांबा नाही, माणूस नाही, नुसतं माळरान. आरशातून ते मला शोधत होते.

"काय झालं बाई?" "अहो, बाजार उठंल!" लोक कुरकुरू लागले.

"ताई, डबल दे!" दादा पुढून ओरडले.

"देणार नाही. खाली या."

ते खाली आले. गाडीमागे उभं राहून मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना. दादा टायरकडे बघत ऐकत राहिले.

"पण डोळं पास म्हणल्या व्हत्या."

"डोळे पासच आहेत हो दादा."

"लय वाईट हाय का?"

"हो."

"म्हंजी गेटवर बसायची बी पाळी नाय यायची," ते म्हणाले. मग एकदम माझा हात धरला. "ताई, एवढा घाट उतरवू दे. पेठला गाडी लावतो आन तू म्हणशील तिथं येतो. तू फोन उचललाच नाय आसं समज. एवढा एकच."

देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला हो म्हणावंसं वाटलं. किती वर्षं या माणसाने तो घाट उतरवला, एक ओरखडा नाही. आणखी एकदा उतरवला असता तर काय बिघडलं असतं? वर खिडकीतून एक लेकरू आमच्याकडे बघून हात हलवत होतं. 

"डावा डोळा मिटा," मी म्हणाले. "आणि माझ्याकडे बघा."

त्यांनी तळव्याने डावा डोळा झाकला. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली.

"तुझं तोंड नाय दिसत," दादा म्हणाले.

मी काही बोलायच्या आधीच ते पुढच्या दाराकडे चालू लागले. आत चढले, चावी काढून घेतली आणि लोकांकडे तोंड केलं. "मंडळी, मला नीट दिसत नाय. ह्या डोळ्यांनी तुमाला घाटात घालणार नाय. मागून दुसरी गाडी येतीय, तिच्यात बसा. तिकीट तेच चालंल."

ड्रायव्हर असं बोललेला कुणी कधी ऐकला असेल? मग एक म्हातारी आपलं बोचकं उचलून उठली आणि जाता जाता दादांच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

मी डेपोत फोन करून कळवलं, तेव्हा मागच्या गाडीतून त्यांनी योगेशला पाठवलं. तरणाबांड ड्रायव्हर, दादांच्याच हाताखाली शिकलेला. लोक त्या गाडीत गेले आणि आम्ही तिघं रिकामी गाडी घेऊन नाशिकला परत फिरलो. मी दादांच्या बायकोला, मैनावहिनींना, फोन केला आणि दादांचे कपडे घेऊन थेट स्टँडवर यायला सांगितलं. 

"दादा, पुढं माझ्याजवळ बसा की," योगेश म्हणाला.

"नको. तू रस्त्याकडं बघ."

ते तिसऱ्या ओळीत खिडकीशी बसले. इतक्या वर्षांत या गाडीत पॅसेंजरच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. मी शेजारी बसले. समोर आशेवाडीचा गतिरोधक आला. योगेशने ब्रेक मारायच्या आधीच दादांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर करकचून दाबला गेला. मग एक ट्रॅक्टर आडवा आला, तेव्हा परत. मग शाळेपाशी. तोंड खिडकीबाहेर, हात मांडीवर.

नाशिक येईपर्यंत त्यांनी एकही ब्रेक चुकवला नाही.