पान सत्त्याऐंशीवरची वाळवी

दादासो जाऊन तीन महिने झाले होते. त्या दिवशी त्यांच्या मुलीनं, संघप्रियानं, बिंदू चौकाजवळचं जुन्या-नव्या पुस्तकांचं दुकान चार वाजताच बंद केलं.

"शटर ओढून कुठं गं?" शेजारच्या चहावाल्या सयाजीनं विचारलं.

"आबांचा लेखक आलाय. वाचनालयात व्याख्यान हाय त्याचं."

"वाळवीवाला?" सयाजीनं हसू आवरलं. "जा. पर भांडू नको बाई."

हा लेखक पुण्याचा. गमतीदार माहितीची त्याची पुस्तकं एसटी स्टँडवरसुद्धा खपायची. त्यातल्या एकात, पान सत्त्याऐंशीवर, छापलं होतं : वाळवी छापील अक्षराला तोंड लावत नाही, भोवतीचा कोरा कागद तेवढा खाते. दादासोंनी ते वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. तीस वर्षं ते पुस्तकांतली वाळवी झटकत आले होते. कुरुंदवाडहून आलेल्या एका गठ्ठ्यातलं पुस्तक त्यांनी माळ्यावरून काढलं. ओळीच्या ओळी फस्त झाल्या होत्या, शाईसकट.

त्या दिवसापासून त्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत पान सत्त्याऐंशीवर त्यांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. "ही माहिती चूक आहे. खात्री करायची असल्यास दुकानात यावे." वितरकाला हे कळलं आणि त्यानं पुस्तकं देणं थांबवलं. बाजारात दादासोंना वाळवी मास्तर म्हणू लागले. त्यांनी लेखकाला तीन जोडकार्डं पाठवली. एका कार्डावर आपला मजकूर, आणि त्याला जोडलेल्या उत्तराच्या कोऱ्या कार्डावर स्वतःच्याच हातानं घातलेला दुकानाचा पत्ता. म्हणजे समोरच्यानं फक्त चार शब्द लिहायचे आणि पेटीत टाकायचं. रोज अकराला ते पायरीवर येऊन पोस्टमनची वाट बघत. दवाखान्यातही शेवटी शेवटी तेच विचारायचे, टपाल आलं का.

आबा बरोबर होते, हे संघप्रियाला माहीत होतं. लेखकानं ते कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं.

सभागृह भरलं होतं. लेखक बुटका, बोलका निघाला. "मी भेळेचे कागद वाचून वाढलो. गोष्ट अर्धी राहिली की उरलेला कागद मिळावा म्हणून दुसरी भेळ घ्यायचो. जिज्ञासेनं पोट बिघडतं, ते असं." लोक हसले. "माझ्या ओळखीच्या एका दुकानात सगळ्यांत जास्त चोरीला जाणारं पुस्तक कोणतं, माहीत आहे? मुलांना प्रामाणिकपणा शिकवणारं."

"त्यो चोर कोल्हापूरचा नव्हता न्हवं, पावणं?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

संघप्रियाही हसली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. आबा पहिल्या रांगेत बसले असते.

"आता धंद्यातलं गुपित," लेखक म्हणाला. "माझी पुस्तकं चोरून छापतात. चोर म्हणतो, माहिती काय तुमच्या मालकीची आहे? आम्हीही शोधली. म्हणून प्रत्येक पुस्तकात मी एक धडधडीत खोटी गोष्ट पेरतो. तीच त्याच्या पुस्तकात सापडली, की चोर जाळ्यात. असा एक खटला पाच वर्षं चालला. गेल्या महिन्यात जिंकलो."

टाळ्या थांबेपर्यंत संघप्रिया उभी राहिली होती.

"पान सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "वाळवी."

लेखकानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "हे तुम्ही कसं ओळखलंत?"

"मी नाही. माझ्या वडिलांनी. तुम्हाला तीन जोडकार्डं आली होती."

"दादासो," लेखक सावकाश म्हणाला. "बाई, अख्ख्या महाराष्ट्रात त्यांनी एकट्यानं ते खोटं पकडलं. पण खटला चालू होता, आणि वाळवीचा पुरावा अजून कोर्टात मांडायचा होता. मी एक ओळ जरी लिहिली असती आणि ती फुटली असती, तर चोर सावध झाला असता. कुठं आहेत ते?"

"श्रावणात गेले."

"म्हंजे मास्तर खरं बोलत हुते की," मागचा म्हातारा हळूच म्हणाला. "माझ्या पुस्तकात हाय त्यांची चिठ्ठी."

लेखक मंचावरून उतरून तिच्यापाशी आला. "पुढच्या आवृत्तीत त्यांचं नाव घालतो."

"ते तुम्ही बघा. उत्तराच्या कार्डांचं काय केलंत?"

"टेबलाच्या खणात आहेत. तिन्ही कोरी. फेकून देववली नाहीत."

"मग त्यातलं एक पाठवा."

"आत्ता इथंच लिहून देतो की."

"नको," ती म्हणाली. "टपालानं येऊ दे."

आठव्या दिवशी अकरा वाजता ती पायरीवर उभी होती. पोस्टमननं सायकलवरूनच कार्ड पुढं केलं. दुकानाचा पत्ता निळ्या शाईत, आबांच्या गोल अक्षरात. तिनं तो दोनदा वाचला, मग कार्ड उलटलं. "दादासो, वाळवी अक्षरंही खाते. तुमचं बरोबर होतं. फार उशिरा कळवतोय."

"कुणाचं गं?" सयाजीनं चहा गाळता गाळता विचारलं.

"आबांचं," ती म्हणाली. आत जाऊन तिनं त्या पुस्तकाची उरलेली एकच प्रत काढली, पान सत्त्याऐंशी उघडलं आणि चिठ्ठीशेजारी कार्ड ठेवलं. ती प्रत मग तिनं विकायच्या फळीवर परत लावली नाही.